वहीतला सतरावा

पहाटे पावणेचारला म्हाळुंग्याच्या मैदानाबाहेर
ती शंभरपानी वही घेऊन उभी होती.
मुक्ता. उदगीरची. कात्रजला कॉट बेसिसवर राहणारी.
तिला कुणी नेमलं नव्हतं,
पहिली आली म्हणून वही तिची.

नाव सांगा, म्हणाली, आडनाव नको,
रांगेला ते लागत नाही.
आणि माझ्या मनगटावर निळ्या बॉलपेनानं
सतरा.

दर दोन तासांनी हजेरी.
दोन चुकल्या की नाव कट.
आडोशाला जायचं तर पुढच्याला सांगून, मागच्याला सांगून.
चप्पल ठेवून जागा धरायची नाही;
चप्पल गाणं ऐकत नाही, असं ती म्हणाली
आणि चाळीसेक माणसं त्या थंडीत हसली.

तिकीट काढताना रांग अशी दिसली नव्हती.
मोबाईलवर एक गोल फिरत होता नुसता:
आपल्यापुढे चौऱ्याऐंशी हजार दोनशे सहा.
त्यांतलं कोण खरं, कोण मशीन,
कोण मधेच घुसलं, कुणाला विचारणार?
इथे मला सोळाव्याच्या मानेवरचा तीळ पाठ झाला.
अठरावीनं तिचं पांघरूण अर्धं मला दिलं,
मी बेचाळिशीचा, तिला काका वाटलो म्हणून.

सातच्या हजेरीला मुक्ताची मैत्रीण नव्हती.
नऊच्याही नाही.
साडेनऊला धापा टाकत आली,
पीएमटी बंद पडली म्हणे चांदणी चौकात.
मुक्तानं तिच्यादेखत सहाव्या नावावर रेघ मारली,
पट्टीनं, सहा इंची, कंपासपेटीतल्या,
आणि पान उलटून लिहिलं: दोनशे तेरा.
मैत्रीण काही बोलली नाही.
डबा तेवढा पुढे पाठवला तिनं,
हातोहात, दोनशे माणसांतून.
मेथीच्या पराठ्यांचा वास येत होता.
कुणीही झाकण उघडलं नाही.

दुपारी कुठल्याशा बँकेच्या कार्डवाल्यांसाठी
वेगळं दार उघडलं, मांडवाखालून, सावलीतून.
आम्ही पाहिलं. त्यांनी पैसे मोजले होते,
आम्ही तास मोजत होतो.
त्यांची वही निराळी, म्हणाली मुक्ता
आणि एकची हजेरी घ्यायला लागली.

चार वाजून दहा मिनिटांनी
वॉकीटॉकीत कुणीतरी काहीतरी बोललं.
काळ्या टीशर्टातल्या माणसानं
केशरी शंकू उचलला, मागे नेऊन ठेवला.
गेट तीन नाही, गेट पाच.
गेट पाच आमच्या पाठीशी होतं.
तिथे आत्ताच रिक्षातून उतरलेले काहीजण
कुल्फी खात उभे होते.

रांग तुटते तेव्हा आवाज होत नाही,
आधी एक जण वळतो फक्त.
मुक्तानं वही डोक्यावर धरली,
एक! ती स्वतःच. दोन! तीन!
दोन आणि तीन थांबले. चार गेला.
सोळा! त्यानं माझ्याकडे पाहिलं.
सतरा! ती ओरडली, सतरा!
मी हजर म्हणालो नाही.
मी पळत होतो.

खोटं कशाला सांगू, गाणं उत्तम झालं.
मला कठड्याची जागा मिळाली,
ढोल छातीत वाजत होता,
गायकाच्या कपाळावरचा घाम दिसत होता.
एकदाच मागे वळलो.
मागे नुसते मोबाईलचे दिवे,
ते सगळे सारखेच दिसतात.

रात्री स्टॉपवर मी एकटा होतो.
मग त्या दोघी आल्या, सहा आणि एक.
तिनं ओळखलं. सतरा ना?
दिसलं का नीट?
हो, म्हटलं.
बरं, म्हणाली. वही बॅगेत घातली.

शेवटची बस आली, भरलेली,
पायरीवर एकाचीच जागा.
तुम्ही चढा, मी म्हटलं, दोनदा म्हटलं.
तिनं मान हलवली.
स्टॉपवर तुम्ही आधी आलात.

बस सुटली.
दांडा धरायला हात वर केला
तर स्वेटरची बाही खाली घसरली.